पट्टा शेवटी सोडायचा: खानापूर तालुक्यातल्या एका फिटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नारायण हे त्याचं खरं नाव नव्हे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, एवढं सांगितलं तरी पुरे. २०२२ मध्ये वय चौतीस. बेळगावात आयटीआय केलं, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये चार वर्षं घासली आणि २०१४ पासून एका कंत्राटदारामार्फत मुंबई हायच्या रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटावर, मेकॅनिक म्हणून जायला लागला. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. त्या पैशावर घरावर स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. घरात आई, बायको आणि तिसरीतली मुलगी.

मी स्वतः एकोणीस वर्षं ऑफशोअरवर सुरक्षेचं काम केलं. आता बेळगावच्या टिळकवाडीत असतो. आपल्या भागातली पोरं रिगवर जायच्या आधी किंवा काही अडलं की फोन करतात. नारायणशी ओळख तशीच झाली.

ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे. माणसं जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जातात. चढण्याआधी कमरेला लाइफ जॅकेट बांधायचं, सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, वजन द्यायचं, बसायचं. हे करायची परवानगी ज्या कागदावर मिळते त्यात ‘ह्युएट’ येतं. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटलं तर आतून बाहेर कसं यायचं, याचं ते प्रशिक्षण. नारायणकडे होतं त्या प्रमाणपत्राची मुदत चार वर्षं. त्याची संपत होती सप्टेंबर २०२२ मध्ये.

२८ जून २०२२ ला तो घरी होता. रोप लावणीची गडबड. दुपारनंतर टीव्हीवर बातमी आली: सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. आत नऊ जण. पाच वाचले, चार गेले. गेलेल्यांपैकी कुणाला तो ओळखत नव्हता, पण रिग माहीत होती. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. आणि दोन आठवड्यांनी तो ड्युटीवर गेला, ऐन पावसाळ्यात, तशाच हेलिकॉप्टरने. जाताना काही बोलला नाही, आल्यावरही नाही. मला हे सगळं फार उशिरा कळलं.

अडचण

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याने नूतनीकरणासाठी प्रशिक्षण घेतलं आणि त्यात तो नापास झाला.

केंद्राचं नाव घेत नाही, त्यांची काही चूकही नव्हती. मोठा तरणतलाव, वर क्रेन, क्रेनला टांगलेली हेलिकॉप्टरच्या पोटासारखी केबिन. पोरं तिला डबा म्हणतात. चौघे पट्टे बांधून बसतात, डबा पाण्यात उतरतो, पाणी गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर येतं, मोठा श्वास घ्यायचा आणि डबा पूर्ण उलटतो. दोन पाणबुडे आतच असतात.

डबा उलटवतात त्यालाही कारण आहे. हेलिकॉप्टरचं सगळं जड सामान डोक्यावर असतं: इंजिनं, मुख्य गिअरबॉक्स, पंख्याचं मुंडकं. पाण्यावर बसलं की ते डोकं खाली जायला बघतं. बाजूचे फुगे फुगले आणि समुद्र शांत असला तर ते सरळ तरंगत राहतं. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात तो भरवसा धरायचा नाही.

नारायणने केलं काय? पाणी तोंडाला लागलं मात्र, त्याने बकल उघडलं. डबा फिरला तसा तो सीटवरून सुटला आणि वर गेला. पण वर म्हणजे आता डब्याची जमीन. खांदा तिला थडकला. डाव्या हाताला खिडकी असल्याचं त्याला पक्कं आठवत होतं, पण त्याचं स्वतःचं अंगच फिरलं होतं. तो चाचपत राहिला ते पुढच्या सीटची पाठ. पाणबुड्याने ओढून बाहेर काढलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा, खिडकी ढकलून बाहेर पडायच्या सरावाला, तो डब्यात बसलाच नाही.

“काका, पाणी काय नवीन हाय काय मला?” तो नंतर मला म्हणाला. “मलप्रभेला पूर असताना पलीकडं गेलेला माणूस मी. पण डावं-उजवं कुठं गेलं तेच कळंना.”

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. नारायण उत्तम पोहणारा आहे, आणि म्हणूनच तो नापास झाला. आपल्याकडची पोरं पाठीला रिकामा डबा नाहीतर ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकतात. काठावरून कुणीतरी ढकलतो, पोरगं खाली जातं, डोळे उघडतं, वर उजेड दिसतो, पाय मारतं, वर येतं. शंभर वेळा हेच. अंगाला एकच गोष्ट लागते: मोकळा हो आणि वर जा. उलटलेल्या केबिनमध्ये मोकळा झालेला माणूस बुचासारखा वर चिकटतो आणि दिशा हरवून बसतो. तिथे उलट करायचं असतं. पट्ट्याने सीटला जखडून राहायचं, एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा बकलवर. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. खिडकी ढकलायची. आणि मग पट्टा. पट्टा आहे तोवर ढकलायला अंगाला टेका आहे. पट्टा सोडून ढकललं तर खिडकी जागेवर राहते आणि आपणच मागे जातो. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, कारण आत फुगवलं की माणूस खाली डोकं घालून खिडकीतून निघूच शकत नाही.

नारायणला हे सगळं तोंडपाठ होतं. चार वर्षांपूर्वी तो पासही झाला होता. तेव्हा डोक्यात सागर किरण नव्हतं.

कंत्राटदाराने निरोप दिला: सहा आठवड्यांत प्रमाणपत्र आण, नाहीतर बदली माणूस घेतो. नारायण गणपतीला घरी आला आणि घरात सांगितलं की कागदपत्रांचा घोळ आहे, तारीख पुढे गेली.

कोणकोणत्या वाटा होत्या

पहिली वाट, समुद्र सोडायचा. उद्यमबागेत ओळखी होत्या, फाउंड्रीत मेंटेनन्सला कुणीही घेतलं असतं. पगार तिसऱ्या हिश्श्यावर. आईचं मत हेच होतं आणि मला ते चूक वाटत नव्हतं. घराचं कर्ज नसतं तर मीही हेच सांगितलं असतं.

दुसरी वाट त्याने मला तीन दिवस सांगितली नाही. मुंबईतल्या एका एजंटाचा फोन आला होता. पैसे टाक, प्रशिक्षणाला न येता कागद मिळेल. नंबर त्याने जपून ठेवला होता. मी रागावलो नाही, फक्त विचारलं, “तुझ्या शेजारच्या सीटवर असाच कागद घेतलेला माणूस बसला आणि त्याचं तंगडं तुझ्या खिडकीत अडकलं, तर?” त्याने नंबर पुसला की नाही माहीत नाही. विषय पुन्हा निघाला नाही.

तिसरी, लगेच पुन्हा परीक्षेला बसायचं. केंद्राची तयारी होती. पण काहीही न बदलता पुन्हा तिथेच बसणं म्हणजे भीतीला दुसरी पाळी देणं.

चौथी वाट त्याच्या चुलतभावांनी काढली. सप्टेंबरात विहिरी काठोकाठ असतात. लोखंडी खुर्चीला जुन्या जीपचा सीटबेल्ट लावायचा, खुर्ची दोराने टांगायची, नारायणला बांधायचं आणि विहिरीत उलटं करायचं. पोरांनी खुर्ची केलीसुद्धा, वेल्डिंग झकास. मला फोटो पाठवला. मी नाही म्हटलं. केंद्रात आत पाणबुडे, काठावर प्राणवायू आणि डबा क्षणात वर घेणारी क्रेन असते. विहिरीत गंजकं बकल अडकलं तर पंचवीस फूट काळोख्या पाण्यात कोण जाणार? फोनवर मी एवढंच बोललो आणि ठेवला. ते अपुरं होतं, पुढे येईलच.

काय केलं

आधी आम्ही बोललो, आणि तेही यंत्राबद्दल. फिटर माणसाला भीतीबद्दल विचारलं तर तो हसून वेळ मारून नेतो. गिअरबॉक्सबद्दल विचारलं की दोन तास बसतो.

मी त्याला २०१२ ची दोन प्रकरणं सांगितली. उत्तर समुद्रात त्या वर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये ईसी २२५ जातीची दोन हेलिकॉप्टरं पाण्यावर उतरवावी लागली. कारण एकच: मुख्य गिअरबॉक्समधल्या उभ्या शाफ्टला वेल्डजवळ भेग गेली, शाफ्ट तुटला आणि तेलाचे दोन्ही पंप थांबले. अशा वेळी गिअरबॉक्स थंड ठेवणारी आणीबाणीची वेगळी व्यवस्था होती. ती चालूही झाली. पण ती बंद पडल्याचा खोटा दिवा लागला, म्हणून वैमानिकांनी ताबडतोब पाण्यावर उतरवलं. पहिल्यात १४ माणसं, दुसऱ्यात १९. सगळी वाचली. वैमानिकांच्या हातात यंत्र होतं, हेलिकॉप्टरं सरळ बसली, फुगे फुगले, माणसं तराफ्यात गेली.

नारायण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वेल्डजवळ छोटा गंज धरला असणार. तिथनंच भेग जाते.” बरोबर होतं. तपासात गंजाचा खड्डाच सापडला होता.

मग दुसरी बाजूही सांगितली, लपवून उपयोग नव्हता. मार्च २००९, कॅनडाचं न्यूफाउंडलंड. एस ९२ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवर तेलाचा फिल्टर बसवणारे टायटॅनियमचे स्टड तुटले, तेल निघून गेलं, आणि साधारण अकरा मिनिटांत ते समुद्रावर आदळलं. १८ पैकी एकच वाचला. उतरवणं आणि आदळणं यांत इतका फरक आहे, आणि त्यातलं काय वाट्याला येईल ते प्रवाशाच्या हातात नसतं. त्याच्या हातात पुढचं अर्धं मिनिट असतं. आपल्याकडे एक सोय आहे. उत्तर समुद्राचं पाणी इतकं गार की अंगाला लागताच धाप लागते आणि श्वास दहा-वीस सेकंदही धरवत नाही. अरबी समुद्र कोमट. म्हणजे आपल्या माणसाला श्वास पुरतो, डोकं ठिकाणावर राहिलं तर.

त्यानंतर कोरडा सराव. पडवीत प्लॅस्टिकची खुर्ची, तिला गाडीचा जुना पट्टा, डाव्या बाजूला दाराची चौकट म्हणजे खिडकी. डोळ्यांवर पंचा. डावा हात चौकटीवर, उजवा बकलवर, हनुवटी छातीला. मनात सात मोजायचे. ढकल. आता पट्टा. चौकट सोडायची नाही, तिला धरूनच बाहेर. रोज संध्याकाळी तीस वेळा. पहिल्या दिवशी तीसपैकी अकरा वेळा त्याने पट्टा आधी सोडला, कोरड्या खुर्चीवर, घरच्या पडवीत. सवय म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

आईने विचारलं, “खुर्चीला बांधून घेऊन काय करूलालास रं?” आणि तिथे खोटं उघडं पडलं. नापास झाल्याचं त्याने बायकोला त्या रात्री सांगितलं. ती चिडली ते नापास झाल्याबद्दल नाही, कागदपत्रांच्या थापेबद्दल. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पडवीत येऊन बसली आणि सराव बघून तिने जे विचारलं ते आठ वर्षांत नारायणने कुणाला विचारलं नव्हतं: “तुमची खिडकी उघडली. मधल्या सीटवरच्याने काय करायचं?”

हा प्रश्न ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणालाही पडला होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये शेटलंड बेटांवरच्या संबर्गजवळ सुपर पुमा जातीचं हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटलं, १८ पैकी चौघे गेले. त्यानंतर २०१४ मध्ये नियम आला की प्रवाशाला ढकलून उघडणाऱ्या खिडकीशेजारीच बसवायचं, नाहीतर त्याच्याजवळ चांगल्या दर्जाचं, पाण्याखाली श्वास देणारं साधन हवं. पुढे खांद्याने फार रुंद असलेल्यांना मोठ्या खिडकीजवळच जागा द्यायचं ठरलं. संबर्गच्या तपासात निघालेली आणखी एक गोष्ट मला कायम टोचते. प्रवाशांजवळच्या श्वासाच्या पिशवीत थोडी हवा आधीपासून भरलेली होती, आणि तसं त्यांना नीट सांगितलेलंच नव्हतं.

मधल्या सीटवरच्याने काय करायचं, याचं उत्तर बायकोच्या समोरच ठरलं. खिडकीवाल्याने क्षणभरही आत रेंगाळायचं नाही, कारण तोच बूच असतो. मधल्याने आपला हात खिडकीकडच्या सीटच्या कडेवर ठेवायचा, तो रिकामा झाला की त्याच कडेने सरकायचं. मग सराव दोन खुर्च्यांवर सुरू झाला. मधल्या खुर्चीत बायको.

पाण्यातला भाग आम्ही शहरातल्या एका तलावात केला, उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, जीवरक्षकाला विचारून. डबा नाही, खुर्ची नाही. नुसती कोलांटी, आणि डोकं खाली असताना नाकातून हळूहळू हवा सोडत राहायची. उलटं झालं की पाणी सरळ नाकात शिरतं, कपाळात कळ जाते आणि माणूस त्या एका कळेने घाबरून सगळं विसरतो. विहिरीत उडी मारणारा नाक धरतो किंवा तोंड वर ठेवतो. इथे दोन्ही हात कामात असतात. नारायणला हे जमायला चार फेऱ्या लागल्या, आणि त्याला खरी भीती पाण्याची नव्हे तर त्या कळेची होती हे तिसऱ्या फेरीत त्याच्याच लक्षात आलं.

निष्पन्न

दसऱ्याला घरात हत्यारांची पूजा झाली, आणि पुढच्या आठवड्यात तो रात्रीच्या बसने मुंबईला गेला. पहिल्या उलटण्यात गडबड झालीच, पण वेगळी. आत बसलेल्या प्रशिक्षकाने “ब्रेस, ब्रेस” (म्हणजे सावरून बसा) म्हटलं आणि नारायण क्षणभर तसाच बसून राहिला. घरी मुलगी हौसेने ओरडायची, “बाबा, डोकं खाली!” कानाला त्याच शब्दांची सवय झाली होती. तरी हात जागेवर गेले, पट्टा शेवटी सुटला, तो आपला आपण बाहेर आला. पुढच्या सगळ्या फेऱ्या नीट झाल्या. एका फेरीत शेजारच्याची खिडकी उघडत नव्हती तेव्हा तो नारायणच्या मागून बाहेर आला.

दिवाळी घरी करून नारायण रिगवर गेला. अजून जातो. आईचं मत बदललेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझी. २८ जूननंतर आमच्या ओळखीतल्या रिगवरच्या पोरांना मी फोन करायला हवा होता. मी वाट बघत बसलो की ज्याला गरज आहे तो करेल. ज्याला गरज असते तो करत नाही. तो भर पावसात गुपचूप उडून परत येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी डब्यात गोठतो.

दुसरी, आज्ञांची भाषा. समजावणं मराठीतच हवं, त्यात मला शंका नाही. खिडकी आधी का आणि पट्टा नंतर का, हे त्याला आपल्या भाषेत कळलं म्हणून कळलं. पण प्रत्यक्षात कानावर पडणारा शब्द इंग्रजी असतो. आता मी सराव घेताना हाक ‘ब्रेस’ अशीच देतो आणि घरच्यांनाही तीच द्यायला सांगतो.

तिसरी, घरातली थाप. बायकोला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सहापैकी दोन आठवडे वाया गेले नसते. मी त्याला तसा सल्ला दिला नाही, ‘तुमच्या घरचं तुम्ही बघा’ म्हणून बाजूला झालो. मधल्या सीटचा प्रश्न तिच्याकडून यावा लागला याची मला अजून लाज वाटते. मी एकोणीस वर्षं सुरक्षेत होतो.

चौथी सगळ्यात वाईट. विहिरीतल्या खुर्चीला मी नाही म्हटलं, पण का ते पोरांना समोर बसवून सांगितलं नाही, आणि तलावाचा पर्याय पुढे आठ दिवसांनी सुचवला. नारायण मुंबईला गेला त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या चुलतभावाने ती खुर्ची विहिरीत सोडलीच. त्यालाही रिगवर जायचं होतं. जीपचं बकल अडकलं. वरच्या दोघांनी दोर ओढून खुर्चीसकट बाहेर काढलं तोवर तो पाणी प्याला होता. एक रात्र तालुक्याच्या दवाखान्यात काढली, सकाळी घरी आला, निभावलं. मला हे महिन्याभराने कळलं, तेही हसत हसत सांगितलं गेलं.

त्यानंतर मी गावात गेलो, पोरांना पडवीत बसवलं आणि जे सप्टेंबरात बोलायचं होतं ते बोललो. खुर्ची अजून नारायणच्या गोठ्यात पडलेली आहे, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या ठेवतात. बकल मी पान्याने काढून बरोबर आणलं.